शिरगावातील लघुउद्योग आणि सर्व्हरची जडणघडण

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याचे तंत्र, म्हणजे आभासीकरण, १९६०च्या दशकात आयबीएमच्या मेनफ्रेमवर साकारले. परंतु २००५च्या अखेरीस इंटेलने आणि २००६मध्ये एएमडीने त्यासाठीच्या सूचना थेट प्रोसेसरमध्ये घातल्या, तेव्हा ते बदलापूरच्या शिरगावसारख्या वस्तीतील लहान व्यावसायिकाच्याही आवाक्यात येऊ लागले. प्रत्येक आभासी यंत्र मेमरीचा आपला वाटा अडवून बसत असल्याने सर्व्हरला मेमरी जास्त लागते आणि तिच्यात चूक होण्याची शक्यताही वाढते; म्हणून एका बिटची चूक आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी ही चैन नव्हे. दोन डिस्कवर तीच नोंद ठेवणारी रेड-१ रचना एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते. मात्र २६ जुलै २००५ला उल्हास नदीला आला तशा महापुरात दोन्ही डिस्क एकाच पेटीत बुडतात, त्यामुळे माहितीची तिसरी प्रत गावाबाहेर ठेवलीच पाहिजे.