पत्र्याच्या पोटातला फोम: जुन्या कोल्ड स्टोरेजमध्ये वेल्डिंग करण्याआधी

तासगाव-सांगलीचा बेदाणा, इंदूरकडचा बटाटा, गोव्याची मासळी. हा माल ज्या खोल्यांत थंड राहतो, त्या खोल्यांच्या भिंतींत बहुधा फोम असतो. जुन्या शीतगृहांत विटांच्या भिंतीला आतून थर्माकोलचे बोर्ड गरम डांबराने चिकटवलेले आणि वर प्लास्टर किंवा पत्रा मारलेला असतो. नंतरच्या बांधकामांत दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार 'पफ पॅनल' आले. भिंत धड असेल तर वर्षानुवर्षे काही होत नाही. धोका वाढतो तो दुरुस्तीच्या दिवशी, पत्रा कापला की.

थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते, उरलेलं प्लॅस्टिक. साधारण १०० अंश सेल्सिअसला ते मऊ पडून आकसतं आणि पुढे वितळून ठिबकतं. आग धरली तर हेच जळते थेंब खाली पडतात आणि खालचा माल पेटवतात. पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, वितळत नाही. तो जागेवरच जळतो आणि त्यातून दाट काळा धूर निघतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. फोमच्या आगीत माणूस ज्वाळेपेक्षा धुरानेच आधी पडतो, तो यामुळे.

"आमचा माल एफआर आहे, काडी लावून बघा" असं सांगणारे दुकानदार भेटतात. काडी लावली की थर्माकोल खरंच ज्योतीपासून मागे सरकतो आणि पेटत नाही. पण ती चाचणी फक्त काडीपुरतीच. आग-रोधक रसायन लहान ज्योतीला दाद देत नाही, एवढंच. शेजारी पोती, लाकडी क्रेट किंवा डांबर पेटलं की त्याचं फारसं काही चालत नाही.

दक्षिण कोरियातल्या इचॉन शहराने हा धडा दोनदा गिरवला. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या एका कोल्ड स्टोरेजच्या आगीत ४० कामगार गेले. एप्रिल २०२० मध्ये त्याच शहरात बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ जण गेले. दुसऱ्या आगीच्या तपासात निघालं ते असं: तळघरात वेल्डिंग चालू होतं, ठिणगी उडून युरेथेन फोमवर पडली, फोम काही वेळ ज्वाळेविना आतल्या आत धुमसत राहिला आणि मग एकदम भडकला. इमारत नवीच होती. पण उघडा फोम आणि वेल्डिंग एकत्र आल्यावर इमारतीचं वय कोण विचारतो?

लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरची आग (१४ जून २०१७, ७२ मृत्यू) लोकांना आठवत असेल. तिथे मुख्य दोष बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यातल्या प्लॅस्टिकचा होता. मागच्या फोम बोर्डांनी त्यात भर घातली. फोमच्या उत्पादकांनी चाचण्यांबद्दल बाजाराची दिशाभूल केली, असं चौकशीच्या सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून नुसत्या कागदावर भिस्त ठेवू नये.

भिंतीत काय आहे ते कसं कळणार?

जुनं बिल किंवा नकाशा मिळाला तर उत्तमच. नाहीतर लाइटच्या बोर्डाजवळ किंवा पाइप भिंतीतून जातो तिथे हाताच्या हत्याराने छोटासा तुकडा काढावा. ग्राइंडर लावू नये. पांढरे मणी दिसले तर थर्माकोल. बारीक छिद्रांचा, पिवळसर किंवा जुना होऊन तपकिरी पडलेला असेल तर बहुतेक पफ. तंतू निघाले तर ग्लासवूल किंवा रॉकवूल, आणि तो फोमपेक्षा कितीतरी निर्धोक. नुसत्या नजरेने पफ आणि त्याच्याहून बरा पीआयआर यांतला फरक मात्र कळत नाही.

फोम निघाला तर वेल्डिंग शक्यतो टाळावं. पाइप खोलून बाहेर नेऊन जोडता येतो, पुष्कळदा नट-बोल्टनेही भागतं. इलाजच नसेल तर कामाच्या भोवतीचा फोम कापून काढावा आणि कापलेल्या कडा पत्र्याने बंद कराव्यात. अमेरिकेतल्या एनएफपीए संस्थेच्या नियमात ११ मीटरच्या आतला जळाऊ माल हलवायला किंवा झाकायला सांगितलंय, आणि काम संपल्यावर तासभर माणूस पहाऱ्याला ठेवायचा. आपल्याकडे वेल्डर वायर गुंडाळतो, चहा घेतो आणि जातो. धुमसणारा फोम नेमका त्यानंतर वर येतो. पहाऱ्यावरच्या माणसाने भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही हात लावून बघावा. पत्रा कोमट लागला तर आत काहीतरी चालू आहे.

काढलेले जुने बोर्ड मागच्या आवारात जाळू नयेत. जुन्या थर्माकोलमध्ये एचबीसीडी हे आग-रोधक असू शकतं. २०१३ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं आणि २०१८ मध्ये भारताने त्यावर बंदी घातली.

आग लागलीच तर पत्र्यावर पाणी मारून आतल्या फोमपर्यंत ते पोचत नाही, आणि पत्रे सुटून अंगावर येतात. अशा वेळी आत शिरू नये. फायर ब्रिगेडला फोन करताना भिंतीत फोम आहे आणि यंत्रात अमोनिया आहे की नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगावं. बंबावरचे जवान त्यावरूनच ठरवतात की आत जायचं की बाहेरूनच लढायचं.