रकान्यात न मावणारे चित्र

शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते आणि एका रकान्यात एकच माहिती असते: नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली संगणकासाठी जी रिलेशनल पद्धत मांडली, तिचे रूप असेच होते. माहिती तक्त्यांत ठेवायची व रकान्यातील मूल्य अविभाज्य मानायचे. त्यासाठी त्यांनी 'ॲटॉमिक', म्हणजे अणुरूप, हा शब्द वापरला.

नावे व आकडे होते तोवर हे ठीक होते. पण विद्यार्थ्याचे छायाचित्रही त्याच ओळीत हवे असेल तर? ६४० × ४८० ठिपक्यांचे रंगीत चित्र, दर ठिपक्याला ३ बाइट धरल्यास, ९,२१,६०० बाइटचे होते. डेटाबेस डिस्कवर माहिती ठेवतो ती ठरावीक आकाराच्या 'पानां'त. ४,०९६ बाइटचे पान धरले, तर एका चित्राला २२५ पाने लागतील!

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जिम स्टार्की यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अशा अवाढव्य मूल्याला 'ब्लॉब' म्हटले. १९५८ च्या एका चित्रपटातील, भेटेल ते गिळून फुगत जाणाऱ्या गोळ्याचे हे नाव. 'बायनरी लार्ज ऑब्जेक्ट' हा विस्तार त्याला मागाहून चिकटला.

ब्लॉब साठवण्याचा मार्ग सरळ आहे. तो वेगळ्या पानांवर ठेवायचा आणि ओळीत फक्त त्याचा पत्ता लिहायचा. खरी अडचण दुरुस्तीची. लांबलचक मजकुराच्या मध्ये एक वाक्य घातले, की पुढचे सारे बाइट सरकवावे लागतात. यावर १९८६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 'एक्सोडस' प्रकल्पाने सुंदर तोड मांडली. साऱ्या शाळेला सलग क्रमांक दिले, तर पाचवीत एक मूल वाढताच पुढच्या सर्वांचे क्रमांक बदलतात. त्याऐवजी वर्गवार पटसंख्या लिहिली, तर पाचवीचा आकडा आणि एकूण बेरीज एवढेच बदलते. एक्सोडसने ब्लॉबचे तुकडे झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचले आणि प्रत्येक फांदीवर तिच्याखालच्या बाइटांची संख्या नोंदवली.

दुरुस्ती चालू असताना वीज गेली तर? नवे तुकडे आधी मोकळ्या जागी लिहायचे आणि ओळीतील पत्ता सर्वांत शेवटी बदलायचा, हा एक उपाय. मग वाचणाऱ्याला पूर्ण जुने चित्र मिळते किंवा पूर्ण नवे. अर्धे जुने, अर्धे नवे कधीच नाही. चित्र डेटाबेसबाहेर साध्या फाइलीत ठेवले, तर ही हमी आपोआप मिळत नाही.

मग सर्वच चित्रे डेटाबेसमध्ये ठेवावीत काय? मायक्रोसॉफ्टमध्ये जिम ग्रे व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याची मोजणी केली. त्यांच्या चाचण्यांत २५६ किलोबाइटहून लहान वस्तूंना डेटाबेस सोयीचा ठरला, तर १ मेगाबाइटहून मोठ्या वस्तूंना फाइल. मधल्या आकारांचा निकाल, वस्तू किती वेळा बदलली जाते यावर अवलंबून होता.

तोवर, १९९९ मध्ये, ब्लॉबला एसक्यूएल भाषेच्या मानकातही स्थान मिळाले होते. भौतिकशास्त्राने अणू फोडला, तरी रसायनशास्त्राच्या समीकरणांत तो अखंडच राहिला. कॉड यांच्या 'अणू'चेही तसेच झाले. प्रश्न विचारणाऱ्याला तो एकसंध दिसतो. त्याचे तुकडे सांभाळण्याचे काम साठवणूक करणाऱ्याचे.