उपवास, दोन वेळचे जेवण आणि लांब पल्ल्याची सायकल: किती खावे, कधी खावे?

पुण्याहून रांजणगावचा महागणपती साधारण ५० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरची राइड. नव्या सायकलपटूची पहिली ‘सेंच्युरी’ अनेकदा याच रस्त्यावर होते. काही जण मुद्दाम संकष्टीला निघतात आणि चंद्रोदयापर्यंत काही खात नाहीत. काही जण वजन कमी करण्यासाठी दोन वेळच्या जेवणाची किंवा कीटो आहाराची पद्धत पाळत असतात आणि राइडच्या दिवशीही ती मोडत नाहीत. “शरीरात चरबी आहे ना, मग खायची गरज काय?” हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सविस्तर पाहू.

शंभर किलोमीटरला किती ऊर्जा लागते?

७० किलो वजनाची व्यक्ती ताशी २० किलोमीटर वेगाने पाच तास सायकल चालवते तेव्हा साधारण २००० ते २८०० कॅलरी खर्च होतात. वारा, चढ आणि सायकलचा प्रकार यानुसार हा आकडा बदलतो.

ही ऊर्जा शरीर दोन साठ्यांतून घेते.

- चरबी: सडपातळ माणसाकडेही हजारो कॅलरींचा साठा असतो, पण तो सावकाश वापरला जातो.
- ग्लायकोजेन (साठवलेली साखर): स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात ८० ते १०० ग्रॅम. एकूण १६०० ते २००० कॅलरींच्या आसपास.

सायकल चालवताना दोन्ही साठे एकाच वेळी वापरले जातात. वेग वाढला किंवा चढ लागला की साखरेचा वाटा वाढतो. यकृतातली साखर मेंदूला रक्तातून सतत पुरवली जाते, आणि रात्रभराच्या उपाशीपणात तिचा मोठा भाग संपलेला असतो. उपाशीपोटी निघालेला सायकलपटू अर्धी टाकी घेऊनच निघतो, असे म्हणता येईल.

हा साठा संपला की सायकलपटू ज्याला ‘बाँक’ म्हणतात ती अवस्था येते. पायांतला जोर जातो, हात थरथरतात, थंड घाम येतो, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सर्वांत धोकादायक म्हणजे निर्णय घ्यायला उशीर होतो. नगर रस्त्यावर वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव एमआयडीसी या पट्ट्यात कंटेनर आणि ट्रकची सतत ये-जा असते. तिथे दोन सेकंदांचा उशीरही महागात पडू शकतो.

दोन वेळच्या जेवणाची पद्धत आणि सायकल

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलेल्या आणि मुळात डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या या पद्धतीत कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. सोबत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे असते. बैठे काम करणाऱ्या, वजन वाढलेल्या अनेकांचे वजन असे खाण्याच्या वेळा मर्यादित केल्याने कमी होते. पण या मांडणीतला व्यायाम पाऊण तासाचा आहे, पाच-सहा तासांचा नाही, हे लक्षात घ्या.

या पद्धतीमागचा मुख्य मुद्दा असा की प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी ठेवाव्यात. राइडदरम्यान मात्र चित्र वेगळे असते. व्यायामात ॲड्रिनालिनसारखी संप्रेरके इन्सुलिनचा स्राव दाबून ठेवतात, आणि काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवाय रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे तिसऱ्या तासाला खाल्लेले केळे आणि टीव्हीसमोर बसून खाल्लेले केळे शरीराच्या दृष्टीने सारखे नसते. राइडमध्ये खाल्लेले इंधन हे ‘तिसरे जेवण’ नाही. नेहमीचा नियम घरी पाळा, पण दीड तासापेक्षा मोठ्या राइडला तो लावू नका.

“शरीराला चरबी जाळायची सवय लावली तर?”

कीटोच्या बाजूने हाच युक्तिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. काही आठवडे कर्बोदके अगदी कमी केली तर शरीर खरोखरच जास्त चरबी वापरू लागते. पण तेवढीच ऊर्जा चरबीतून मिळवायला जास्त ऑक्सिजन लागतो. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांच्या गटाने जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटो गटातील खेळाडू जास्त चरबी जाळू लागले, पण त्याच वेगाला त्यांना जास्त ऑक्सिजन लागू लागला. प्रशिक्षण घेऊनही त्यांची शर्यतीची वेळ सुधारली नाही. कर्बोदके खाणाऱ्यांची सुधारली.

निरोगी व्यक्तीने आठवड्यातून एक-दोनदा, तासाभराची, सहज गप्पा मारता येतील अशा वेगाची राइड उपाशीपोटी केली तर हरकत नाही. त्यापुढे इंधन हवे.

राइडमध्ये किती खावे?

- एक तासापर्यंत: पाणी पुरेसे.
- एक ते अडीच तास: दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके.
- अडीच तासांपेक्षा जास्त: दर तासाला ६० ग्रॅम. पोटाला सवय झाली असेल आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही मिळत असतील, तर ९० ग्रॅमपर्यंत.

एक मध्यम केळे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके. दहा ग्रॅम गुळात नऊ ग्रॅमच्या आसपास. ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम (साधारण नऊ सपाट चमचे) साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू घातले की चांगले पेय तयार होते. अशी एक बाटली आणि एक केळे म्हणजे तासाभराचे इंधन झाले. महागडे जेल सोयीचे असतात, पण अत्यावश्यक नाहीत.

पहिल्या ४५ मिनिटांतच खायला सुरुवात करा. भूक लागण्याची वाट पाहू नका.

ओआरएस क्षार भरून काढते, पण लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते. त्यावर राइड होत नाही. उलट तासन् तास नुसते पाणीच खूप प्यायल्यास रक्तातले सोडियम घटू शकते. तहानेनुसार, साधारण ताशी ४०० ते ८०० मिली प्या. उन्हाळ्यात पाण्यात मीठ असू द्या.

संकष्टीचा उपवास असेल तर

फराळ चालत असेल तर अडचण नाही. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, दूध, गूळ हे सगळे उत्तम इंधन आहे. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे आणि तूप असल्याने ती सावकाश पचते. ती निघण्याआधी अडीच-तीन तास किंवा परतल्यावर खा. लिंबूपाण्यात सैंधव घाला. निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी राइड करू नका. दर्शनाला गाडीने जा, सायकल दुसऱ्या दिवशी काढा.

रोजच कमी खाल्ले तर?

एका राइडचा बाँक खाऊन-पिऊन भरून निघतो. महिनोन् महिने सराव जास्त आणि खाणे कमी राहिले, तर शरीर इतर कामांवरचा खर्च कापू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला ‘रेड-एस’ (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिले.

उदाहरण पाहा. वजन ६० किलो, त्यातली चरबी वगळता ५० किलो. दिवसभरात खाल्ले १८०० कॅलरी, सायकलवर गेल्या ७००. उरल्या ११००, म्हणजे चरबीविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे २२. हा आकडा सतत ३० च्या खाली राहणे धोक्याचे मानले जाते.

लक्षणे:

- पाळी अनियमित होणे किंवा थांबणे
- पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होणे
- वारंवार सर्दी-खोकला, सतत थकवा, झोप न लागणे
- सराव करूनही वेग कमी होणे
- किरकोळ कारणाने हाड मोडणे

सायकलिंगमध्ये हाडांवर शरीराचा भार पडत नाही, त्यामुळे सायकलपटूंची हाडे आधीच ठिसूळ होण्याकडे झुकलेली असू शकतात. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा. वजन घटवायचे असेल तर विश्रांतीच्या किंवा हलक्या सरावाच्या दिवशी ३०० ते ५०० कॅलरी कमी करा, मोठ्या राइडच्या दिवशी नाही.

मधुमेह असेल तर विशेष काळजी

- इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सुरू असतील तर उपाशीपोटी लांब राइड करू नका. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना आधी विचारा.
- डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि उपवास किंवा कीटो हे एकत्र आल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ल वाढू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे.
- साखर ७० च्या खाली गेली किंवा थरथर सुटली तर थांबा. तीन चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. लगेच सायकलवर बसू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?

तीन महिने पाळी आली नाही, राइडमध्ये चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, छातीत दुखले, किंवा न ठरवता वजन घटत राहिले, तर सराव थांबवून डॉक्टरांना भेटा. राइडनंतर गोंधळल्यासारखे वागणे, सतत उलट्या किंवा झटका आल्यास लगेच रुग्णालयात न्या. अशा व्यक्तीला जबरदस्तीने पाणी पाजू नका.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आजार किंवा औषधे सुरू असल्यास आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*