निखिल वागळे : सायंदैनिकातून स्टुडिओत

मराठी वृत्तवाहिन्यांवरील राजकीय चर्चेच्या इतिहासात निखिल वागळे यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्यांची बाजू पटो वा न पटो, सत्ताधाऱ्याला समोर बसवून त्याच्याकडून 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मागण्याची रीत त्यांनी छोट्या पडद्यावर रूढ केली. पाहुण्याचे वाक्य पुरे होऊ न देण्याची त्यांची सवय मात्र अनेकदा चर्चेलाच मारक ठरे.

वागळे मूळचे छापील पत्रकारितेतले. ऐन विशीत ते 'दिनांक' साप्ताहिकाचे संपादक झाले. पुढे अक्षर प्रकाशनातर्फे १९९० मध्ये 'आपलं महानगर' हे सायंदैनिक सुरू झाले. मुंबईत शिवसेनेचा दबदबा असण्याच्या त्या काळात सेनेवर उघड टीका करणाऱ्या या पत्राला हल्ले सोसावे लागले.

विधिमंडळाशी झालेला त्यांचा संघर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. एका दिवंगत आमदाराला सभागृहात वाहिलेल्या श्रद्धांजलीवर टीका केल्याबद्दल १९९४ मध्ये हक्कभंगाच्या कारवाईत त्यांना चार दिवसांचा तुरुंगवास भोगावा लागला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ नुसार विधिमंडळाला विशेषाधिकार आहेत. पण त्यांची संपूर्ण यादी करणारा कायदा झालेला नाही. त्यामुळे दुखावलेले सभागृहच तक्रारदार, तेच न्यायाधीश आणि शिक्षा सुनावणारेही तेच, अशी स्थिती निर्माण होते. लेखणी चालवणाऱ्याला नेमकी सीमारेषा कोणती, हे आधी कळण्याची सोय नसते.

एप्रिल २००८ मध्ये नेटवर्क १८ आणि लोकमत समूहाची 'आयबीएन लोकमत' ही वाहिनी सुरू झाली आणि वागळे तिचे संपादक झाले. 'आजचा सवाल' ही चर्चा आणि 'ग्रेट भेट' ही मुलाखतमालिका यांनी ते घराघरांत पोहोचले. एकेकाळी मुंबईची पत्रकारिता म्हणजे फोर्ट आणि आसपासचा परिसर. वाहिन्यांनी मात्र उपनगरे गाठली. साकीनाक्याहून पवईमार्गे पूर्वेकडे गेल्यावर लागणाऱ्या विक्रोळीत या वाहिनीचे कार्यालय होते. २० नोव्हेंबर २००९ रोजी तेथे शिवसैनिकांनी घुसून तोडफोड केली, कर्मचाऱ्यांना मारहाण केली. पुण्यातील कार्यालयावरही त्याच दिवशी हल्ला झाला. मुंबई सर्व भारतीयांची आहे, या सचिन तेंडुलकरच्या विधानावर बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या टीकेनंतरचे ते दिवस होते; वाहिनीने ठाकरे यांच्यावर कठोर टीका केली होती.

हल्ल्यांनी मात्र त्यांची खुर्ची गेली नाही. ती गेली मालकी बदलल्यावर. २०१४ मध्ये नेटवर्क १८ चा ताबा रिलायन्स समूहाकडे गेला आणि जुलैमध्ये वागळे यांनी राजीनामा दिला. राजदीप सरदेसाई हेही त्याच सुमारास समूहातून बाहेर पडले. पुढे वागळे काही काळ 'महाराष्ट्र १' वाहिनीत होते. 'टीव्ही ९ मराठी'वरील त्यांचा 'सडेतोड' हा कार्यक्रम जुलै २०१७ मध्ये बंद झाला. तो निर्णय वाहिनीचा असल्याचे त्यांनीच जाहीर केले. ज्या पत्राच्या धोरणावर आपला शब्द चालतो ते चालवणे आणि दुसऱ्याच्या भांडवलावर उभ्या वाहिनीत संपादक असणे, यांतला फरक त्यांच्या वाटचालीत जितका ठळक दिसतो तितका क्वचितच कुणाच्या दिसेल.

त्यानंतर त्यांनी यूट्यूब आणि जाहीर सभांचा मार्ग धरला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी पुण्यात 'निर्भय बनो' सभेला जाताना त्यांच्या मोटारीवर भाजप कार्यकर्त्यांनी हल्ला करून काचा फोडल्या. लालकृष्ण अडवाणी यांना जाहीर झालेल्या भारतरत्नावरून वागळे यांनी समाजमाध्यमावर केलेली टिप्पणी हे त्याचे निमित्त. मोटारीत ॲड. असीम सरोदे आणि विश्वंभर चौधरी हेही होते. पोलिसांनी हल्लेखोरांवर गुन्हा नोंदवला आणि त्या टिप्पणीबद्दल वागळे यांच्यावरही. सभा त्या रात्री ठरल्याप्रमाणे झाली.