पक्षाघातोत्तर थकव्यावरील व्यायामोपचार
पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना येणारा दीर्घकालीन थकवा कमी करण्यासाठी क्रमाक्रमाने वाढवीत नेलेल्या व्यायामाचा उपयोग करण्याची पद्धती. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने पक्षाघात होतो. त्यानंतरचा थकवा केलेल्या श्रमाच्या प्रमाणात नसतो व केवळ विश्रांतीने पुरता जात नाही. हातापायांतील शक्ती बऱ्याच अंशी परत आलेल्या रुग्णांतही तो आढळतो. अशा रुग्णाने पडून राहावे, हीच समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती मागे पडून मोजून दिलेले श्रम उपचार म्हणून पुढे येण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लागला.

पूर्वेतिहास : स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोप व्हेप्फर (१६२०–९५) यांनी १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शवविच्छेदनाच्या आधारे या विकाराचा मेंदूतील रक्तस्रावाशी असलेला संबंध दाखविला. कारण उमगले, तरी उपचारांत त्यामुळे मोठासा पालट झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाइन्रिख फ्रेंकेल (१८६०–१९३१) यांनी मेरुरज्जूच्या विकाराने तोल गेलेल्या रुग्णांसाठी पद्धतशीर व्यायाम योजले. हे रुग्ण पक्षाघाताचे नव्हते. परंतु तंत्रिका तंत्राला इजा झाल्यावरही सरावाने हालचाल सुधारते, हे त्यातून दिसले. अमेरिकेत ऑग्डेन व शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ यांनी १९१७ मध्ये माकडांवरील प्रयोगांत निरोगी हात बांधून ठेवून लुळा हात वापरावयास लावला, तेव्हा त्याची हालचाल पुष्कळशी परत आली.

विश्रांतीच्या दुष्परिणामांकडेही हळूहळू लक्ष वेधले गेले. लंडनमधील वैद्य रिचर्ड ॲशर (१९१२–६९) यांनी १९४७ मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांविषयी इशारा दिला. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना सु. तीन आठवडे बिछान्यात ठेवण्यात आले. त्या अवधीत ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता एकचतुर्थांशाहून अधिक घटली. नंतरच्या व्यायामाने ती भरून आली. पक्षाघाताच्या रुग्णाची स्थिती यावरून उलगडते. लुळा पाय ओढत चालण्यास त्याला निरोगी माणसापेक्षा अधिक ऊर्जा लागते. थकव्यामुळे तो हालचाल टाळतो, त्यामुळे हृदय व स्नायू आणखी दुर्बल होतात आणि अल्पशा श्रमानेही तो अधिक थकतो. हे दुष्टचक्र तोडणे, हा व्यायामोपचाराचा हेतू होय.

थकव्याची दखल : १९७० च्या सुमारास बर्टा बॉबाथ व सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांच्या उपचारपद्धती प्रचारात होत्या. त्यांचा भर हालचालींचे वळण सुधारण्यावर होता. जोरकस श्रमाने स्नायूंचा ताठरपणा वाढतो, असे बॉबाथ यांचे मत होते. थकव्याला मात्र स्वतंत्र स्थान नव्हते. नॉर्वेतील तंत्रिकाशारीरविज्ञ आल्फ ब्रोडाल (१९१०–८८) यांना एप्रिल १९७२ मध्ये पक्षाघात झाला. १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिरीक्षणात त्यांनी दुर्बल स्नायू हालविण्यासाठी कराव्या लागणाऱ्या मोठ्या मानसिक प्रयत्नाचे, तसेच लवकर थकण्याचे व एकाग्रता ढळण्याचे वर्णन केले. मेंदूचा छोटासा भाग बिघडला, तरी साऱ्या मेंदूच्या कार्यावर परिणाम होतो, असे त्यांना आढळले. रुग्णाची ही तक्रार आळस वा मनाची दुर्बलता नव्हे, हे एका तज्ञाच्या अनुभवातून पुढे आले.

थकवा मोजण्यासाठी १९८९ मध्ये नऊ विधानांची एक श्रेणी तयार झाली. ती मूळ अन्य रोगांसाठी होती. पुढे पक्षाघातातही वापरली जाऊ लागली. कॅनडातील इंगल्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलेल्या पाहणीत पक्षाघात होऊन गेलेल्या ६८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या ३६ टक्के व्यक्तींनी थकव्याची तक्रार केली.

उपचार व मर्यादा : पोटेम्पा व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ४२ रुग्णांच्या अभ्यासात स्थिर सायकलीवरील दहा आठवड्यांच्या व्यायामाने श्रमक्षमता वाढते, असे दाखविले. नेदर्लंड्समधील झेडलिट्स व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीव्र थकवा असलेल्या ८३ रुग्णांना बारा आठवडे उपचार देण्यात आले. एका गटाला केवळ बोधनात्मक उपचार, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीला फिरत्या पट्ट्यावर चालणे व स्नायूंना बळ देणारे व्यायाम देण्यात आले. पहिल्या गटातील २४ टक्के, तर दुसऱ्यातील ५८ टक्के रुग्णांत थकवा लक्षणीय प्रमाणात उतरला.

तथापि अधिक व्यायाम म्हणजे अधिक लाभ, असे समीकरण नाही. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवरील चाचणीत पक्षाघातानंतर २४ तासांच्या आतच उठवून वारंवार हालचाल करविलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगली स्थिती ४६ टक्क्यांत, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ५० टक्क्यांत आढळली (२०१५). त्याच वर्षीच्या कॉक्रेन समीक्षेने थकव्यावरील कोणत्याही एका उपचाराला पुरेसा आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. म्हणून व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदय व रक्तदाब तपासतात. विषण्णता, निद्राविकार, रक्तक्षय व औषधांचे परिणाम यांचाही शोध घेतात. नंतर रुग्ण ज्या श्रमाने गळून जात नाही, तेवढ्यापासून आरंभ करून व मध्ये नियोजित विश्रांती ठेवून श्रमाची मात्रा वाढवितात. विश्रांतीला या उपचारात स्थान आहे. मात्र ती व्यायामाला पर्याय न राहता त्याचाच एक भाग झाली आहे.