अजायबखाना, संग्रहालय आणि दर्शन

हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात मोडत होता. साहजिकच येथील लोकांचे मोठे शहर दीर्घकाळ हैदराबादच होते, आणि १९५१ मध्ये तेथे सालारजंग संग्रहालय सर्वांस खुले झाले. निजामी राजवटीच्या कारभाराची भाषा उर्दू असून तीत अशा संस्थेस ‘अजायबखाना’ म्हणत. पुढे मराठीत ‘वस्तुसंग्रहालय’ हा शब्द रूढ झाला. हा पालट केवळ शब्दाचा नव्हे. पहिल्या शब्दात पाहणाऱ्याचे नवल आहे, तर दुसऱ्यात जमविणाऱ्याचे कार्य. वस्तू मुळात कोठे होती, हे मात्र दोहोंपैकी एकही शब्द सांगत नाही.

मराठी भाषक संग्रहालय ‘पाहतो’, पण औंढा नागनाथास जाऊन ‘दर्शन’ घेतो. तेथील यादवकालीन मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे प्रदक्षिणेच्या क्रमाने दृष्टीस पडतात. मंदिरस्थापत्यात दिशेला अर्थ असतो : अग्नीची मूर्ती आग्नेयेस, वरुणाची पश्चिमेस. नामदेवांसाठी या देवळाने तोंड फिरविले, ही प्रसिद्ध आख्यायिका इतिहासाचा पुरावा ठरत नाही. परंतु दिशा बदलली म्हणजे अर्थ बदलतो, ही लोकांची जाणीव तीतून स्पष्ट होते.

सालारजंग संग्रहालयातील बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची ‘बुरख्यातील रिबेका’ ही संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोम येथे खरेदी केली. ती दालनात ठेवण्यासाठीच घडविलेली असल्याने स्थलांतराने तिचे फारसे काही हरपले नाही. देवळाच्या भिंतीवरील दिक्पालाची गोष्ट निराळी. तो दालनात आला की त्याचे शतक व राजवंश पाटीवर लिहिता येतात, पण त्याची दिशा आणि शेजारच्या मूर्तींशी असलेला संबंध नाहीसा होतो.

मराठवाड्यातील अनेक गावांत पारावर वा ओवरीत सुटी शिल्पे आजही आढळतात. संरक्षणासाठी ती शहरात नेणे कित्येकदा अपरिहार्य ठरते. तथापि हलविण्यापूर्वी शिल्पाचे स्थान, त्याची दिशा आणि ग्रामस्थ त्यास ज्या नावाने हाक मारतात ते नाव, या तिन्ही गोष्टींची नोंद होणे अगत्याचे आहे. मूर्ती मागाहूनही मोजता येईल. पण गावाने तिला दिलेले नाव एकदा विस्मृतीत गेले, की ते दगडावरून वाचता येणार नाही.