ऐकलेला पक्षी यादीत धरायचा का?

१८८६च्या फेब्रुवारीत फ्रँक चॅपमन नावाचा एकवीस वर्षांचा बँक कर्मचारी दोन दुपारी न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या बाजारपेठेतून चालला आणि वाटेत दिसलेल्या पक्ष्यांची त्याने यादी केली. सुतार, सुरय, लावे, वॅक्सविंग... एकूण चाळीस जाती भरल्या. भर शहरात, भर थंडीत चाळीस जाती म्हणजे कुठल्याही पक्षिमित्राने फोटोसकट स्टेटस टाकावं असा आकडा. फक्त त्यातला एकही पक्षी जिवंत नव्हता. ते सगळे बायकांच्या टोप्यांवर होते. चॅपमनने ७०० टोप्या मोजल्या, त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं, पंख किंवा पेंढा भरलेले अख्खे पक्षी होते. त्याने ही यादी 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' नावाच्या साप्ताहिकाला पत्र म्हणून पाठवली.

शहरात गटाने फिरत पक्षी बघण्याचा इतिहास शोधताना मी या टोप्यांपर्यंत पोचलो. शोधायचं कारण वेगळं होतं. माझ्या टीममधल्या एका मुलाला अजिबात दिसत नाही. आमच्या भागातल्या बागेत 'सर्वांसाठी खुलं' पक्षिनिरीक्षण आहे असा मेसेज आला, तेव्हा त्याने 'मी आलो तर चालेल का' असं विचारलं. आयोजकांचं उत्तर सभ्य होतं: यायला काहीच हरकत नाही, पण त्यांना त्यातून काय मिळणार? कुणी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. अशा फेरीतून नक्की मिळतं काय? आणि ते डोळ्यांनीच मिळतं, असं कधी ठरलं?

एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो पाडायचा. ज्याच्या नावाने अमेरिकेत पुढे शेकडो पक्षिसंस्था निघाल्या त्या जॉन जेम्स ऑड्युबॉनने चित्रं काढली ती मारलेल्या पक्ष्यांना तारेने हव्या त्या पवित्र्यात उभं करून. १८७४मध्ये एलियट कूझने पक्षिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका लिहिली, तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं साधन होतं दुनळी बंदूक. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. मुंबईतल्या दहा-बारा वर्षांच्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे गेले. ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. भारतातल्या सगळ्यात मोठ्या पक्षितज्ज्ञाची सुरुवातही हातात आलेल्या मेलेल्या पक्ष्यानेच झाली होती.

या पद्धतीत कोण बसतं ते बघा. बंदूक परवडणारा, ती चालवू शकणारा, दलदलीतून मैलोन्‌मैल चालू शकणारा. म्हणजे बहुतेक वेळा धडधाकट, खाऊनपिऊन सुखी पुरुष.

ही चौकट मोडली ती बायकांनी. टोप्यांची यादी छापून आली त्याच १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात फ्लॉरेन्स मेरियम नावाच्या विद्यार्थिनीने मैत्रिणीच्या मदतीने ऑड्युबॉन सोसायटी काढली. टोप्यांवर पिसं घालू नका असं नुसतं सांगून मुली ऐकणार नाहीत, हे तिच्या लक्षात आलं होतं. जिवंत पक्ष्याशी ओळख झाली तरच त्याचं मेलेलं रूप डोक्यावर मिरवणं अवघड जाईल. म्हणून तिने मुलींना गटागटाने कॉलेजच्या आसपास फिरायला न्यायला सुरुवात केली. निसर्गलेखक जॉन बरोज यांनाही तिने या फेऱ्यांसाठी बोलावलं. जाणकार पुढे, नवखे मागे, सगळे दबक्या आवाजात बोलताहेत, हा आपल्या ओळखीचा रविवार सकाळचा साचा. त्याची एक ठळक सुरुवात इथे सापडते, आणि ती छंदातून नाही, एका मोहिमेतून झालेली आहे.

तीन वर्षांनी, १८८९मध्ये, फ्लॉरेन्सचं पुस्तक आलं: 'बर्ड्स थ्रू अॅन ऑपेरा-ग्लास'. ऑपेरा ग्लास म्हणजे नाटक बघताना वापरायची छोटी दुर्बीण. घरात असलेली ही वस्तू घ्या आणि पक्षी न मारता ओळखा, असं सांगणारं हे पुस्तक. पुढे तिने कॅलिफोर्नियात घोड्यावर बसून पक्षी बघितले आणि त्यावर १८९६मध्ये आणखी एक पुस्तक लिहिलं. पक्षी बघायला पायीच फिरलं पाहिजे, असा नियम तिने तरी केला नव्हता.

पुढचे टप्पे भराभर आले. १८९६मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी श्रीमंत घरांतल्या बायकांना चहाला बोलावून पिसांवर बहिष्कार घालायला लावला. त्यातून मॅसॅच्युसेट्सची ऑड्युबॉन सोसायटी उभी राहिली. १९००मध्ये वन्य पक्ष्यांच्या बेकायदा व्यापाराला चाप लावणारा लेसी कायदा झाला. त्याच वर्षी नाताळात चॅपमनने आणखी एक मोजणी काढली. तोवर तो बँक सोडून संग्रहालयात पक्षितज्ज्ञ झाला होता. नाताळात बंदुका घेऊन कोण जास्त पक्षी मारतो अशी स्पर्धा लावायची प्रथा होती. तिच्याऐवजी जिवंत पक्षी मोजा, असं त्याने सुचवलं. २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. त्यातलं एक ठिकाण होतं न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. ही मोजणी आजही दर वर्षी होते.

मग १९३४मध्ये रॉजर टोरी पीटरसनचं फील्ड गाइड आलं. पक्ष्याच्या चित्रावर छोटे बाण: इथे पांढरा पट्टा बघ, इथे पिवळी कंबर बघ. २००० प्रतींची पहिली आवृत्ती बघता बघता संपली. ज्ञान तज्ज्ञांच्या कपाटातून सामान्य माणसाच्या खिशात आलं. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' १९४१चं, आणि त्याने आपल्याकडे तेच काम केलं.

इथे एक गोष्ट हळूच घडली. बंदूक गेली, दुर्बीण आली, बाण आले, आणि प्रत्येक पायरीवर दार जास्त लोकांना उघडलं, हे खरंच. पण बाण दाखवणार काय? रंग, पट्टे, आकार. पक्षी ओळखणं म्हणजे पक्षी दिसणं, हे समीकरण पक्कं होत गेलं. आपल्या भाषेत तर ते शब्दातच बसलं आहे. पक्षिनिरीक्षण. त्यातलं 'ईक्षण' म्हणजे बघणं.

प्रत्यक्ष फेरीत मात्र असं चालत नाही. सेंट्रल पार्कचंच बघू. ८४३ एकरांची ही बाग मॅनहॅटनच्या सिमेंटमध्ये हिरव्या बेटासारखी आहे. वसंतात आणि शरदात रात्रभर उडून दमलेले स्थलांतरित पक्षी पहाटे खाली उतरायला जागा शोधतात, आणि त्यांना हा एवढाच हिरवा तुकडा दिसतो. त्यातल्या सुमारे ३६ एकरांच्या 'रॅम्बल' भागात मुद्दाम वळणावळणाच्या वाटा, खडक आणि दाट झाडी आहे. इथे स्टार सफीर नावाच्या बाईंनी तीसेक वर्षं गटांना फिरवलं. माणशी आठ डॉलर घेत. २०१२च्या 'बर्डर्स: द सेंट्रल पार्क इफेक्ट' या माहितीपटात त्या दिसतात. बरा न होणारा कॅन्सर असल्याचं कळल्यावरही त्या वर्षानुवर्षं फेऱ्या घेत राहिल्या. २०१३मध्ये त्या गेल्या.

मे महिन्यात पानं फुटल्यावर उंच झाडाच्या शेंड्यातला वॉर्बलर आधी दिसत नाही, आधी ऐकू येतो. एकाने आवाज पकडायचा, दुसऱ्याने फांदी हलताना बघायची, तिसऱ्याने 'घड्याळात दोन वाजता' असं म्हणून दिशा सांगायची, चौथ्याने नाव सांगायचं. शेवटी यादीत पक्षी एकच लिहिला जातो, पण तो चार जणांच्या मिळून कामगिरीवर. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनच्या नियमांनुसार नुसता ऐकून ओळखलेला पक्षीही यादीत धरतात. म्हणजे न दिसणाऱ्या माणसासाठी नियम वाकवावा लागतच नाही. नियम आधीपासून तसाच आहे.

आणि कान तरी कायम कुठे साथ देतात? वयाबरोबर माणसाला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. गोल्डन-क्राउन्ड किंगलेट हा एवढासा पक्षी सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास गातो. चाळीस वर्षं तो ऐकलेल्या जाणकाराला एका वर्षी तो 'येईनासा' होतो. पक्षी तिथेच असतो. मग शेजारचं शाळकरी पोर त्याला सांगतं. सक्षम आणि अक्षम अशा दोन जाती नसतात, एकाच माणसाच्या आयुष्यातले ते दोन काळ असू शकतात.

तरी दाराशीच अडवलेल्यांचा प्रश्न उरतो. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काही आंदोलकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि संसदेच्या पायऱ्या रांगत चढल्या. त्यांत आठ वर्षांची जेनिफर कीलनही होती. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यातून आलेलं एक माप प्रत्येक बाग बांधणाऱ्याने पाठ करावं: रॅम्पला एक फूट चढण्यासाठी किमान बारा फूट लांबी. एकास बारा. याहून उभा रॅम्प म्हणजे केवळ फोटोसाठी केलेला रॅम्प.

टेक्सासमधल्या व्हर्जिनिया रोझ चौदाव्या वर्षी घोड्यावरून पडल्या, तेव्हापासून व्हीलचेअर वापरतात. पक्ष्यांचा नाद त्यांना बऱ्याच उशिरा लागला. कुठल्या बागेत आपण एकट्या जाऊन परत येऊ शकतो याची माहिती कुठेच नाही, हे बघून त्यांनी ती गोळा करायला घेतली. त्यातून 'बर्डेबिलिटी' ही संस्था उभी राहिली. तिचा नकाशा लोकांनीच भरलेला आहे: वाट डांबरी की खडीची, उतार किती, बाक किती अंतरावर, स्वच्छतागृहात चेअर वळते का, कठड्याची उंची बसलेल्याच्या डोळ्यांआड तर येत नाही. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटतं. 'आमचं अॅप सगळ्यांसाठी आहे' हे वाक्य निरुपयोगी असतं. काय चालतं आणि काय चालत नाही याची यादी उपयोगी असते. संस्थेने शब्दही तपासले. 'बर्ड वॉक' न म्हणता 'बर्ड आउटिंग' म्हणा, कारण सगळे चालत नाहीत. 'बर्डवॉचिंग' न म्हणता 'बर्डिंग', कारण सगळे बघत नाहीत.

अडथळा नेहमी पायरीच असतो असंही नाही. २५ मे २०२० रोजी याच रॅम्बलमध्ये ख्रिश्चन कूपर पक्षी बघत होते. सफीर दिसतात त्या माहितीपटात तेही आहेत. त्यांनी एका बाईला, नियमाप्रमाणे कुत्रा बांधा, असं सांगितलं. बाईने पोलिसांना फोन करून 'एक कृष्णवर्णीय माणूस मला धमकावतोय' असं सांगितलं. सेंट्रल पार्क बांधण्यासाठी १८५७मध्ये जी सेनेका व्हिलेज वस्ती उठवली, तिच्यात बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते, हे आठवलं की या फोनचं वजन कळतं. आठवड्याभरात कृष्णवर्णीय पक्षिमित्रांनी 'ब्लॅक बर्डर्स वीक' सुरू केला. दुर्बीण गळ्यात घालून झुडपाशी उभं राहणं कुणाला बिनधास्त जमतं आणि कुणाला नाही, हाही त्याच यादीतला प्रश्न आहे.

१८९६च्या चहापार्ट्यांतून जन्मलेली मॅसॅच्युसेट्सची संस्था आज 'ऑल पर्सन्स ट्रेल्स' चालवते. वाटेच्या कडेने खांबांना दोर बांधलेला असतो, तो धरून न दिसणारा माणूस स्वतःच्या गतीने जातो आणि थांब्यावर माहिती ऐकतो. २०२१पासून कॉर्नेलच्या मर्लिन अॅपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखायची सोय आली आहे. अॅप आवाजाचं चित्र करतं, स्पेक्ट्रोग्राम, आणि त्या चित्रावरून नाव सुचवतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला या चित्रात आवाज सरकताना दिसतो. चुकतंही ते, पण शेजारचा माणूसही चुकतो.

आपल्याकडे काय? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. पण आपल्या कितीतरी बागांच्या दाराशी दुचाकी आत येऊ नये म्हणून आडवे-तिडवे लोखंडी बार असतात. दुचाकी अडते, तिच्याबरोबर व्हीलचेअरही अडते.

भाषेच्या बाबतीत मात्र आपण मागे नाही. टिटवी हे नाव कुठून आलं ते उच्चारूनच बघा. पावशाला आपल्या शेतकऱ्याने ओळखलं ते 'पेरते व्हा' या हाकेवरून. बागेतल्या वडाच्या पानांत दडून टुक् टुक् करणारा तांबट कितीजणांना दिसतो? तांब्यावर हातोडी पडल्यासारखा त्याचा आवाज, म्हणून तो तांबट. ही नावं दुर्बीण आणि बाण येण्याच्या कितीतरी आधी ऐकून ठेवलेली आहेत.

तेव्हा पुढच्या फेरीचा मेसेज टाकणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच: 'सर्वांसाठी खुलं' ही ओळ काढा. त्याऐवजी लिहा की वाट किती लांब आहे, पायऱ्या किती, दाराला बार आहे का, बाक कुठे, स्वच्छतागृह उघडं असतं का. आणि पहिली पाच मिनिटं सगळ्यांनीच डोळे मिटून उभं राहायचं. तेवढ्यात ऐकू आलेले पक्षी यादीत सगळ्यात वर लिहायचे.